खोडा आणि खजिना

निर्जन बेटावर एकाकी पडलेला रॉबिन्सन क्रूसो ज्यास ठाऊक नाही असा वाचक विरळा. परंतु त्याचा जनक डॅनिएल डीफो याचे आयुष्य त्या कादंबरीहूनही अद्भुत होते.

१६६० च्या सुमारास लंडनमधील एका मेणबत्तीवाल्याच्या घरी तो जन्मला. राजमान्य चर्चपासून फुटलेल्या पंथात वाढल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्याला बंद होती. त्याने मोज्यांचा व्यापार केला, १६८५ च्या राजविरोधी बंडात उडी घेतली, आणि १६९२ मध्ये सुमारे १७ हजार पौंडांचे कर्ज डोक्यावर घेऊन दिवाळे काढले. पुढे विटांचा कारखानाही काढला.

१७०२ साली त्याने एक निनावी पुस्तिका लिहिली. या फुटीर पंथीयांचा समूळ उच्छेद करावा, असा उपरोधिक सल्ला तीत होता. कर्मठांना प्रथम उपरोध उमगला नाही. उमगला तेव्हा ते चवताळले. जुलै १७०३ मध्ये डीफोला तीन दिवस मान व हात लाकडी खोड्यात अडकवून भर रस्त्यात उभे केले गेले. अशा वेळी लोक घाण फेकीत. त्याच्यावर मात्र फुले उधळली गेली, असे सांगतात.

खोड्याला जे साधले नाही ते खजिन्याने साधले. तुरुंगातून सोडविणाऱ्या रॉबर्ट हार्ले या मुत्सद्द्याचा तो पगारी माणूस बनला. १७०४ पासून नऊ वर्षे त्याने 'रिव्ह्यू' हे पत्र जवळजवळ एकहाती चालविले. पण त्यामागे सरकारी पैसा होता. १७०६ मध्ये तो स्कॉटलंडमध्ये सरकारचा हेर होता. पुढे विरोधकांच्या पत्रात शिरून त्याची धार बोथट करण्याची कामगिरीही त्याने पत्करली.

आणि साठीच्या उंबरठ्यावर, २५ एप्रिल १७१९ रोजी, 'रॉबिन्सन क्रूसो' प्रसिद्ध झाली. १७२२ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात जन्मलेल्या मॉल फ्लँडर्सची कहाणी आली. तो तुरुंग लेखकाने स्वतः भोगला होता. सुखदुःखाचा जमाखर्च मांडणारा क्रूसो हा तर दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याचाच मानसपुत्र. वृत्तपत्रात धन्याचे बोल लिहिणाऱ्या डीफोने आपले सत्य कल्पित कथेत सांगितले. २४ एप्रिल १७३१ रोजी, सावकारांपासून दडून राहिला असता, तो वारला.

त्याच्या गुणांपुढे नतमस्तक होतानाही वृत्तपत्रव्यवसायाने त्याचे हे दुसरे रूप विसरू नये. खोड्यात अडकलेली लेखणी जगाला दिसते, जग तिच्यावर फुलेही उधळते. खजिन्यात अडकलेली लेखणी कोणालाच दिसत नाही. म्हणून तिचे भय अधिक.