मर्यादेचा भ्रम

भावाचा जुगार जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने त्याला तारले, सप्टेंबरात त्यानेच रडवले. पत्त्यांच्या जुगाराला मात्र कमी पैशांचा डाव म्हणून निर्धास्तपणे बसणारे पुष्कळ. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरवले. परंतु मोह कायद्याने मरत नाही. त्याचा हिशेबच मांडला पाहिजे.

‘पॉट-लिमिट ओमाहा’ या पोकरच्या प्रकारात हाती चार पत्ते येतात. त्यांतील नेमके दोन टेबलावरील पाचांपैकी तिघांशी जुळवायचे. चार पत्ते पाहून नवखा हुरळतो. प्रतिस्पर्ध्याच्या हातीही चारच आहेत, हे तो विसरतो. म्हणूनच येथे बऱ्यापैकी पत्ते घात करतात, आणि बहुतेक डाव आरंभीच सोडणे हा पहिला नियम ठरतो.

बोली जमलेल्या रकमेपुरतीच, ही मर्यादा दिलासा देते. पण दोघांनी तीन फेऱ्या पुरेपूर बोली लावली, तर दहा रुपयांचे तीस, नव्वद आणि शेवटी २७० होतात. प्रत्येकाच्या खिशातून १३० जातात. छोटा डाव छोटा राहत नाही. सारे रान एकाच पिकाखाली न घालणाऱ्याने हे शहाणपण पत्त्यांपुढे का गहाण टाकावे?