चौकटीतला चिंटू पडद्यावर

मंडळी, चिंटूचा आवाज कसा, असे कुणी विचारले तर काय सांगाल? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. मोजक्या चौकटी, चहा निवायच्या आत वाचून संपायच्या. चिंटू बोलतो, पण ऐकू येत नाही. आवाज ज्याचा त्याने मनात बसवायचा. मुलुंडच्या पोराचा चिंटू वेगळा, तुमच्या गावचा वेगळा.

२०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याचा चित्रपट केला. शुभंकर अत्रे हा मुलगा चिंटू झाला, आणि एकच चेहरा, एकच आवाज ठरून गेला. वाचक धास्तावले तर नवल काय? शिवाय कागदावरचा चिंटू वर्षानुवर्षे तेवढाच. खऱ्या पोराला मिसरूड फुटते! पुढचा भाग लगेच २०१३ मध्ये आला, ते बरेच झाले म्हणायचे.

खरी अडचण लांबीची. चौकटीला एक खोडी पुरते. आईने हाक मारली, चिंटूने उलट उत्तर दिले, झाले! दीड-दोन तासांना मात्र संकट लागते. म्हणून चित्रपटात पोरांचे मैदानच जाऊ पाहते. अंधेरी-घाटकोपरच्या पोरांना हे संकट समजावून सांगायला नको. निवड मला पटते. पण चिंटूची ती काहीच न घडणारी दुपार त्यात हरवते, आणि आपला जीव तर तिच्यावरच.

गुरुजी, चित्रपट जरूर दाखवा. आधी मात्र चार चौकटी फळ्यावर काढून संवाद मुलांकडून म्हणवून घ्या.