धुराच्या गावातले जगज्जेते

१२ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात सोव्हिएत संघाचा ५-१ असा पाडाव करून कॅनडाने आइस हॉकीचं जगज्जेतेपद पटकावलं. पण बर्फावर उतरलेला तो कॅनडाचा राष्ट्रीय संघ नव्हता. तसा कायमस्वरूपी संघ तेव्हा त्या देशाकडे नव्हताच. देशाच्या नावाने खेळला तो ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात वसलेल्या, दहा-बारा हजार वस्तीच्या ट्रेल गावचा हौशी क्लब : ट्रेल स्मोक ईटर्स. अशा क्लबांना घडवणाऱ्या कूटनी खोऱ्यातल्या लीगची ही हकिगत. खेळाच्या इतिहासात तिला मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या काळची व्यवस्था समजून घ्यायला हवी. स्टॅन्ली कप हा हॉकीचा मानाचा करंडक व्यावसायिक संघांच्या हाती जाऊ लागला, तेव्हा हौशी संघांसाठी १९०८ मध्ये मॉन्टेग्यू ॲलन यांनी वेगळा करंडक दिला. हाच ॲलन कप. गावोगावच्या ‘सीनियर’ लीग, म्हणजे वयाची अट नसलेल्या प्रौढांच्या लीग, या करंडकासाठी झुंजत. ॲलन कपमध्ये चमकलेल्या संघालाच सहसा जागतिक स्पर्धेला धाडलं जाई. आणि हौशी म्हणजे कच्चे, असं मुळीच नव्हतं. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये संघ होते अवघे सहा. तिथे जागा होत्या शे-सव्वाशे. तोडीचे खेळाडू त्याच्या कितीतरी पट. उरलेले कुठे जाणार? त्यातले अनेक जण जिथे खेळायलाही मिळेल आणि पोटालाही मिळेल, अशा गावी जात.

ट्रेलमध्ये दोन्ही मिळायचं. कोलंबिया नदीच्या काठी तिथे शिसं आणि जस्त गाळणारा कोमिन्को कंपनीचा प्रचंड कारखाना होता. त्याचा धूर सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली शेतं करपवू लागला आणि त्यावरून दोन देशांत लवाद बसला. १९३८ आणि १९४१ चे त्याचे निवाडे आपल्याकडेही पर्यावरण कायदा शिकणाऱ्यांना ‘ट्रेल स्मेल्टर’ या नावाने अभ्यासावे लागतात. हॉकी संघाचं नाव कसं पडलं, याची कथा मात्र वेगळी सांगतात : प्रेक्षकांतून बर्फावर भिरकावलेला पेटता पाइप एका खेळाडूने उचलून तोंडात धरला म्हणे. कथा काहीही असो, नाव गावाला चपखल बसलं.

कंपनीचे प्रमुख सेल्विन ब्लेलॉक हॉकीचे मोठे पाठीराखे. चांगला खेळाडू आला की त्याला कारखान्यात काम मिळे. तिकडे किंबर्ली गावात याच कंपनीची सलिव्हन खाण होती आणि तिथला संघ होता ‘डायनामायटर्स’. किंबर्लीने १९३६ चा ॲलन कप आणि १९३७ मध्ये लंडनला जगज्जेतेपद मिळवलं. ट्रेलने १९३८ चा ॲलन कप आणि १९३९ मध्ये स्वित्झर्लंडला जगज्जेतेपद मिळवलं, तेही साऱ्या स्पर्धेत एकच गोल खाऊन. एकाच खोऱ्यातल्या दोन गावांनी तीन वर्षांत जग दोनदा जिंकलं!

महायुद्धानंतर सीमेपलीकडच्या स्पोकेन शहराचा संघ या खोऱ्यातल्या लीगला येऊन मिळाला आणि ‘वेस्टर्न इंटरनॅशनल हॉकी लीग’ हे नाव सार्थ झालं. ट्रेल, किंबर्ली, नेल्सन, रॉसलंड, पुढे क्रॅनब्रुक. ऐन हिवाळ्यात घाटरस्त्याने जायचं, सामना खेळायचा आणि परत कामावर हजर व्हायचं, असा हा खेळ.

या साऱ्या व्यवस्थेचं सार एका माणसात पाहायचं तर गोलरक्षक सेथ मार्टिनकडे पाहावं. नोकरी अग्निशमन दलात. १९६१ च्या स्पर्धेत तो सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, आणि हा मान त्याला पुढेही मिळाला. उघड्या चेहऱ्याने पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, अडवण्यातच मर्दुमकी मानली जायची, त्या काळात तो फायबरग्लासचे मुखवटे स्वतः बनवायचा. विख्यात गोलरक्षक ग्लेन हॉललाही त्याने मुखवटा बनवून दिला. १९६७ मध्ये एनएचएल सहावरून बारा संघांवर गेली तेव्हा सेंट लुइसने मार्टिनला बोलावलं. हॉलच्या जोडीने तो एक मोसम खेळला आणि ट्रेलला, आपल्या बंबाच्या नोकरीवर परतला. मला हा निर्णय अगदी समजण्यासारखा वाटतो. ती नोकरी कायमची होती. बर्फावरची जागा कुणाचीच कायमची नसते.

जिनिव्हाच्या विजयालाही एक किनार आहे. ट्रेलने चेकोस्लोव्हाकियाशी १-१ अशी बरोबरी केली होती. दोघांचे गुण सारखे झाले आणि सुवर्णपदक गोलांच्या सरस फरकावर मिळालं. सोव्हिएत खेळाडू वर्षभर एकत्र सराव करत होते. त्यांना कारखान्याच्या पाळीतून सुटून आलेली माणसं किती दिवस पुरी पडणार? १९६३ मध्ये स्टॉकहोमला ट्रेलचाच संघ चौथा आला. त्यानंतर कॅनडाने क्लब पाठवणं थांबवलं आणि फादर डेव्हिड बाउर यांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला. त्यातही गोलजाळ्यापुढे सेथ मार्टिन होताच. कॅनडाला पुढचं जगज्जेतेपद मिळालं थेट १९९४ मध्ये, तेही व्यावसायिक खेळाडूंच्या बळावर.

लीग मात्र लगेच संपली नाही. स्पोकेनच्या संघांनी १९७०, १९७२, १९७६ आणि १९८० मध्ये, किंबर्लीने १९७८ मध्ये, तर क्रॅनब्रुकने १९८२ मध्ये ॲलन कप जिंकला. पण वाढत्या एनएचएलने खेळाडू ओढून घेतले, टीव्हीने प्रेक्षक घरी बसवले आणि ऐंशीचं दशक सरता सरता लीग बंद पडली. सलिव्हन खाणही २००१ मध्ये थांबली. आज स्मोक ईटर्स आणि डायनामायटर्स ही नावं विशीपर्यंतच्या मुलांच्या ज्युनियर संघांना आहेत. सामने चुरशीचे होतात, गावकरी जातातही. फरक इतकाच, की त्यातली बरीच मुलं बाहेरगावाहून येतात आणि दोन-तीन मोसमांत पुढे निघून जातात. सेथ मार्टिनच्या पिढीचे खेळाडू मात्र सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच प्रेक्षकांबरोबर पाळीवर असत.