कापसाच्या शेतातून आलेला सभापती

मंडळी, दिवेलागणीला कंदिलाची काच पुसायची, रॉकेल आहे की नाही ते पाहायचं, हे काम आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना चांगलं आठवत असेल. पण अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही १९३५ च्या सुमारास दहा शेतकरी घरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती, असं सांगितलं तर नवल वाटेल, नाही का? ही स्थिती पालटण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्या सॅम रेबर्न यांची ही हकिगत.

रेबर्न यांचा जन्म १८८२ चा. अकरा भावंडं, आणि टेक्सास राज्यात चाळीस एकर कापसाची शेती. लहानपण कापूस वेचण्यात गेलं. शिकायला निघाले तेव्हा वडिलांनी पंचवीस डॉलर हातावर ठेवले. पुढं पडेल ते काम करून, मधूनमधून शाळामास्तरकी करून त्यांनी शिक्षण पुरं केलं. १९१३ साली ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले आणि मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं, तिथंच राहिले. त्या सभागृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. तेव्हा हे गृहस्थ पंचवीस वेळा लोकांपुढं उभे राहिले आणि पंचवीस वेळा निवडून आले!

आता विजेची गोष्ट. कंपन्या म्हणत, खेड्यात तारा लांबच लांब ओढायच्या आणि घरं मात्र चार, हे आम्हाला परवडत नाही. १९३६ साली वरिष्ठ सभागृहात नॉरिस यांनी आणि कनिष्ठ सभागृहात रेबर्न यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा पुढं नेला. युक्ती साधी होती. सरकारनं अल्प व्याजानं कर्ज द्यायचं, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढायची आणि तारा स्वतःच ओढायच्या. वीस वर्षांच्या आत दहांतल्या नऊ शेतांवर वीज पोचली. विहिरीवरून बादल्या वाहणाऱ्या बायकांचे हात मोकळे झाले. आपल्याकडे श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनंही पुढं याच वाटेनं चाळीस वर्षं वीज पुरवली.

१९४० साली रेबर्न सभापती झाले. मधली दोनदा दोन वर्षं वगळता अखेरपर्यंत ते पद त्यांच्याकडेच होतं. एकूण सतरा वर्षं. इतका काळ दुसरं कुणीही सभापती राहिलेलं नाही.

पण नुसतं कौतुक करून भागणार नाही. दक्षिणेतल्या निग्रो नागरिकांना मतदानापासून दूर ठेवलं जात होतं, आणि त्यांच्या हक्कांच्या विधेयकांना रेबर्न यांनी कित्येक वर्षं विरोध केला. ज्यांच्या मतांची भीती होती, त्यांचंच त्यांनी ऐकलं. पुढं मात्र ते बदलले. १९५६ साली शाळांतला वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या दाक्षिणात्य सभासदांच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही, आणि १९५७ चा मताधिकार-रक्षणाचा कायदा संमत व्हायला साहाय्य केलं. उशीर झाला, हे खरंच.

१९६१ साली बॉनम या आपल्या गावी त्यांनी देह ठेवला. अंत्ययात्रेला राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि दोन माजी राष्ट्राध्यक्ष आले होते.

तेव्हा शिक्षकहो, वर्गात मुलांना हे जरूर विचारा: आपला प्रतिनिधी किती वर्षं निवडून आला, हे मोजायचं, की त्या वर्षांत किती घरांत दिवा लागला आणि कोणाची घरं अंधारात राहिली, हे मोजायचं?