दाराचं पॅड बंद होण्याआधी

चैत्र-वैशाखातली सोलापूरची दुपार काय असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो, कधी त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो. अशा उन्हात उभी केलेली गाडी उघडली, की पहिलं काम म्हणजे चारही काचा खाली करून आतली धग बाहेर घालवणं. ज्यांच्या गाडीला काच फिरवायचं हँडल आहे, त्यांना त्यासाठी चारही दारांशी फिरावं लागतं. मग मनात येतं, आपणही पॉवर विंडो बसवून घ्यावी. जोडीला सेंट्रल लॉकिंग असलं, तर सगळं घर घेऊन तुळजापूर-अक्कलकोटला निघताना मागच्या दाराचं लॉक लागलं का, हे वळून वळून पाहायला नको.

या इच्छेत गैर काहीच नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. लहान गाडीचं साधं मॉडेल घ्यायचं आणि सोयी मागाहून बाजारातून बसवायच्या, ही रीत आपल्याकडे तेव्हापासून रुळत गेली. त्या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण रीत राहिली. जुनी गाडी घेणारे आणि साधं मॉडेल घेणारे लोक आजही हेच करतात.

या कामात ग्राहक पाहतो काय? बटण. बटण दाबलं, काच सरसर वर गेली, की पैसे देऊन तो मोकळा होतो. पण बटण हे कामाचं शेवटचं टोक झालं. खरं काम दाराच्या आत झालेलं असतं, आणि दाराचं पॅड पुन्हा बसलं, की ते वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला पडत नाही. गाडी पेट घेणार की नाही, अडचणीच्या वेळी दार उघडणार की नाही, हे त्या झाकलेल्या भागात ठरतं. म्हणून आज बोलायचं ते पॅडच्या मागच्या कामाविषयी.

दाराच्या पोटात काय असतं?

दार बाहेरून एकसंध दिसतं, पण त्याला थर असतात. बाहेर रंगाचा पत्रा, आत मोठमोठी भोकं असलेला दुसरा पत्रा. या दोन पत्र्यांमधल्या पोकळीत काच उतरते. काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि लॉकही तिथंच. आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर आपल्याला दिसतं ते पॅड.

हा कागद अनेकांना फालतू वाटतो, पण त्याचं काम मोठं आहे. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दाराच्या आत उतरतंच. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते निघून जातं. तोवर ते पॅडकडे येऊ नये म्हणून हा कागद. घाईत तो फाडला किंवा काढून फेकून दिला, तर पहिल्याच पावसात, नाहीतर गाडी धुतल्यावर, पायाखालचं मॅटिंग ओलं होतं. कुबट वास सुटतो. जुन्या गाड्यांतलं दाबलेल्या भुशाचं पॅड फुगून वाकडं होतं. मालक मात्र दाराच्या रबराला दोष देत बसतो.

पॅड काढण्याची रीत

पॅड ओढून काढायची वस्तू नव्हे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. मग स्क्रू शोधायचे. ते हात टेकायच्या कठड्याखाली, दार उघडायच्या खटक्यामागे, कधी एखाद्या लहानशा टोपणाखाली दडलेले असतात. एक जरी स्क्रू राहिला आणि जोर लावला, तर पॅडचा तुकडा हातात येतो.

काच फिरवायच्या हँडलला बाहेरून स्क्रू दिसत नसेल, तर त्यामागे घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप असते. ती काढायला जुन्या पंचाची किनार पुरते. हँडल आणि पॅड यांच्यामधल्या फटीत किनार घालायची आणि बूट पॉलिश करताना फडकं ओढतात तशी इकडून तिकडे ओढायची. धागे क्लिपच्या टोकांत अडकतात आणि क्लिप उडते. दुसरा हात आडवा धरावा, नाहीतर ती शोधण्यात अर्धा तास जातो.

यानंतर पॅड कडेनं प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेलं असतं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला, की रंग खरवडतो आणि पॅडची कड मोडते. त्याऐवजी प्लॅस्टिकची चपटी पट्टी क्लिपच्या अगदी जवळ सरकवून एकेक क्लिप सोडवायची, आणि शेवटी पॅड वर उचलून काचेच्या खाचेतून मोकळं करायचं. स्पीकरची किंवा आरशाची वायर जोडलेली असेल, तर पॅड तिच्यावर लोंबकळत ठेवायचं नाही. आपल्या भागातल्या उन्हानं जुन्या गाडीचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे काही क्लिपा तुटणारच. त्या नव्या घ्याव्यात, त्या महाग नसतात. निम्म्या क्लिपांवर बसवलेलं पॅड पुढं आयुष्यभर खडखडतं.

वायर कुठून जाते?

दाराची वायर गाडीच्या अंगातून दारात जाते ती बिजागरीजवळून. दार उघडलं-मिटलं, की ती वाकते. दिवसातून दहा-वीस वेळा, वर्षात हजारो वेळा. कंपनीच्या रचनेत तिथं रबरी नळी असते आणि नवी वायर त्या नळीतूनच, थोडी ढिली ठेवून न्यावी लागते. काही ठिकाणी वेळ वाचवायला पत्र्याला भोक पाडतात आणि वायर तशीच आत ढकलतात. पत्र्याची धार रोज थोडं थोडं आवरण कापत राहते. एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं.

गाडीचा पत्रा म्हणजेच बॅटरीची निगेटिव्ह बाजू. तांबं पत्र्याला टेकलं, की शॉर्ट सर्किट. बारा व्होल्टनं माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. पण लहान मोटारीची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडू शकते. वायर लाल होते, आवरण पेटतं, आणि शेजारी मॅटिंग आणि सीटचा फोम असतोच.

घरगुती फिटिंगची वायरही गाडीत वापरू नये. तिच्यात तांब्याच्या मोजक्या जाड तारा असतात, त्या वाकून वाकून तुटतात. शिवाय तिचं साधं पीव्हीसी आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्या आकड्याच्या जवळपास जाऊ शकतो. काळ्या चिकटपट्टीचंही तेच. उन्हानं तिचा गोंद पातळ होतो आणि जोड उघडा पडतो. जोड सोल्डर केलेला किंवा दाबून पक्का केलेला असावा आणि त्यावर तापवल्यावर आवळणारी नळी घातलेली असावी.

फ्यूज कोणासाठी?

फ्यूज मोटार वाचवण्यासाठी असतो, असा बहुतेकांचा समज आहे. फ्यूज असतो वायरसाठी. वायरला जेवढा प्रवाह सोसवतो, त्याच्या आत फ्यूज वितळला पाहिजे. म्हणूनच तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. मोटारीजवळ लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर पडली.

काचेची मोटार चालताना काही अँपिअरच घेते. पण काच टोकाला पोचली आणि तरी बोट बटणावर राहिलं, की मोटार अडते आणि प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. अशा चार मोटारींची वायर रेडिओच्या किंवा लायटरच्या वायरला चिकटवून दिली, तर तो फ्यूज वारंवार उडणारच. मग 'मोठा टाकून देतो' असं होतं. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०. लाल काढून त्या जागी हिरवा बसला, की फ्यूज उडायचा थांबतो आणि त्याच्या जागी वायर तापू लागते. पॉवर विंडोला बॅटरीकडून वेगळी, पुरेशी जाड वायर, तिचा स्वतःचा फ्यूज आणि किल्ली फिरवल्यावरच वीज देणारा रिले, एवढं हवंच.

वीज गेली तर दार उघडेल?

सेंट्रल लॉकिंगमध्ये प्रत्येक दारात एक लहान मोटार बसते. ती लॉकची सळई ओढते किंवा ढकलते. बाजारातल्या नेहमीच्या संचात ड्रायव्हरच्या दारातल्या मोटारीला पाच वायरी असतात आणि बाकीच्या तिघींना दोन-दोन. दोन वायरी मोटार चालवायला, उरलेल्या तीन 'लॉक लागलं की उघडलं' ही खबर बाकी दारांना द्यायला.

इथं खरी जोखीम सळईच्या जोडणीची आहे. मोटार तिरकी बसली किंवा सळई अडकत असली, तर हातानं लॉक उघडणं जड जातं. एरवी बटण असतं म्हणून हे कळत नाही. अपघातात किंवा आगीत वीज गेली, की कळतं. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सेंट्रल लॉकिंग हातानं उघडता येण्याची सोय सक्तीची झाली, ती याचसाठी. बाहेरून बसवलेल्या संचाला कोणी तपासायला येत नाही. ते आपणच तपासायचं. काम झाल्यावर बॅटरीची वायर सोडवायला सांगा आणि चारही दारं आतून हातानं उघडून पाहा.

पिवळ्या कनेक्टरला हात नको

जुन्या गाडीत एवढं पुरे होतं. पण १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ड्रायव्हरसमोर, आणि २०२१ पासून शेजारच्या सीटसमोरही, एअरबॅग सक्तीची झाली. तिच्या वायरींचे कनेक्टर साधारणपणे पिवळे असतात. त्यांना जोड देणं नाही, तपासदिवा लावणं नाही. बॅटरी सोडवल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते, म्हणून काही मिनिटं थांबूनच आतलं काम सुरू करायचं असतं. काही गाड्यांत तर बाजूनं धडक बसली हे ओळखणारा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेच्या दाबावर चालतो. अशा दाराचा तो प्लॅस्टिकचा कागद फाटला, तर सेन्सरची समजच बिघडू शकते. बाजूच्या एअरबॅग असलेल्या गाडीचं पॅड कंपनीच्या सेवा केंद्राबाहेर उघडू नये, हेच बरं. वॉरंटी चालू असेल, तर कंपनीची वायर कापण्याआधी लेखी विचारून घ्यावं. आणि बसवलेल्या संचाची किंमत विमा पॉलिसीत नोंदवावी.

मुलांची बोटं

हँडल फिरवणाऱ्याला काचेत काही अडकलं, तर हाताला कळतं. मोटारीला कळत नाही. अडथळा आला की काच मागे घेणारी सोय स्वस्त संचात बहुधा नसते. अमेरिकेत खिडकीतून डोकावणाऱ्या मुलांचाच गुडघा बटणावर पडून अपघात झाले. तेव्हा २००५ च्या कायद्यानं तिथं बटण वर ओढल्यावरच काच बंद होईल, अशा रचनेची सक्ती केली. आपणही तशीच बटणं मागावीत, मागच्या काचा बंद ठेवणारं कुलूप-बटण ड्रायव्हरजवळ घ्यावं, आणि किल्ली लावलेल्या गाडीत मुलांना एकटं सोडू नये.

तेव्हा मंडळी, काम सांगताना कारागिराला एकच अट घाला. 'पॅड लावण्याआधी मला दाखवा.' मग पाच गोष्टी पाहा. वायर रबरी नळीतून गेली आहे का? फ्यूज बॅटरीजवळ आहे का, आणि कोणत्या रंगाचा? जोड झाकलेले आहेत का? काच पूर्ण खाली घेतल्यावर कुठली वायर तिच्या वाटेत येत नाही ना? आणि प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवला आहे का? चांगल्या कारागिराला हे विचारल्याचा राग येत नाही. तो स्वतःच बोट ठेवून दाखवतो. जो दाखवायला कुरकुरतो, त्याला गाडी देण्यापेक्षा आणखी काही दिवस हँडल फिरवलेलं परवडलं.