यंत्र आलं, पण ओटी शिकली का?

नवा रोबो किंवा नवी लॅप्रोस्कोपीची ट्रॉली आली की रुग्णालयात पूजा होते, नारळ फुटतो आणि यंत्राशेजारी उभ्या असलेल्या सर्जनचा नि विश्वस्तांचा फोटो वर्तमानपत्रात येतो. यंत्राचे हात निर्जंतुक आवरणात गुंडाळणारी सिस्टर, ते टेबलाशी आणून लावणारा टेक्निशियन आणि त्याची साधनं धुणारे कर्मचारी त्या फोटोत सहसा नसतात. पुष्कळदा ते प्रशिक्षणाच्या यादीतही नसतात. यामागे काही पक्क्या समजुती आहेत. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : यंत्र सर्जन चालवतात, तेव्हा शिकायचंही त्यांनीच.

वस्तुस्थिती : रोबोटिक शस्त्रक्रियेत सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलशी बसलेले असतात. निर्जंतुक गाऊन घालून रुग्णाजवळ उभे असतात ते साहाय्यक सर्जन आणि स्क्रब नर्स. साधनं बदलणं, कॅमेऱ्याची काच पुसणं, यांत्रिक हात बाहेरच्या बाजूने एकमेकांवर किंवा रुग्णावर आदळत नाहीत ना हे पाहणं, ही सगळी कामं त्यांची. बऱ्याच रोबोंच्या कन्सोलमध्ये डोकं घालून पाहावं लागतं. तिथे बसल्यावर टेबलाजवळ काय चाललं आहे ते दिसत नाही, कुणीतरी ते मोठ्याने सांगावं लागतं.

भूलतज्ज्ञांचं कामही बदलतं. यंत्र रुग्णाला एकदा जोडलं, ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) भाषेत ‘डॉक’ केलं, की बहुतेक ठिकाणी टेबल हलवता येत नाही आणि रुग्णाच्या हातापर्यंत पोहोचणंही अवघड होतं. सलाइनची जोडणी, दाब पडणाऱ्या जागांखालची गादी, डोकं खाली असताना रुग्ण घसरू नये याची सोय, हे सगळं डॉकिंगच्या आधी नीट व्हायला हवं. ते करणाऱ्यांना हे आधी कुणी शिकवलं नसेल, तर सर्जनचं कौशल्य तिथे कामाला येत नाही.

गैरसमज २ : वीस वर्षं शस्त्रक्रिया करणाऱ्याला नवं तंत्र सहज जमतं.

वस्तुस्थिती : दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा इतिहास वेगळं सांगतो. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. भारतात ती पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. त्या काळात हे तंत्र जगभर झपाट्याने पसरलं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सर्जनांच्या एका गटाने १९९१ मध्ये १,५१८ शस्त्रक्रियांची आकडेवारी प्रसिद्ध केली. प्रत्येक सर्जनगटाच्या पहिल्या १३ रुग्णांमध्ये पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण २.२ टक्के होतं. त्यानंतरच्या रुग्णांमध्ये ते ०.१ टक्क्यावर आलं.

पोट उघडून पित्ताशय काढणं या सर्जनांना नवीन नव्हतं. पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधनाची मूठ उजवीकडे नेली की पोटातलं टोक डावीकडे जातं, सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही आणि बोटांना ऊतींचा स्पर्श कळत नाही. जुना हात इथे पुन्हा घडवावा लागतो. म्हणूनच सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत शेजारी जाणकार सर्जन उभा असणं आणि सोप्या रुग्णांपासून सुरुवात करणं यांना इतकं महत्त्व आहे.

गैरसमज ३ : कंपनीचा माणूस डेमो देऊन जातो, तेवढं पुरेसं आहे.

वस्तुस्थिती : डेमोत यंत्र कसं चालतं ते कळतं. ते कुणाच्या हाती द्यायचं, कोणत्या रुग्णावर वापरायचं आणि कधी थांबायचं, हे रुग्णालयाने ठरवायचं असतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००८ मध्ये एका सर्जनने रोबोच्या मदतीने प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया केली. अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली दोन शस्त्रक्रिया झाल्यानंतरची ही त्याची पहिलीच स्वतंत्र केस होती. रुग्णाला गंभीर गुंतागुंत झाली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. यंत्राच्या धोक्यांची सूचना कंपनीने सर्जनप्रमाणेच यंत्र विकत घेणाऱ्या रुग्णालयालाही द्यायला हवी, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. सर्जनला परवानगी रुग्णालय देतं, तेव्हा धोका काय आहे हे रुग्णालयालाही ठाऊक असलं पाहिजे.

गैरसमज ४ : सिम्युलेटर म्हणजे महागडा व्हिडिओ गेम.

वस्तुस्थिती : येल विद्यापीठातल्या १६ निवासी डॉक्टरांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आधी सिम्युलेटरवर सराव केला होता, त्यांनी प्रत्यक्ष रुग्णाचं पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के कमी वेळात केलं आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. सिम्युलेटरचा उपयोग खरा आहे, मात्र तो एकट्याच्या हाताला शिकवतो. ट्रॉली कुठून आत आणायची, वायर कुणाच्या पायात येते, मॉनिटर कुठे ठेवला म्हणजे स्क्रब नर्सलाही दिसतो, हे कळण्यासाठी आपल्याच ओटीत, रुग्ण नसताना, सगळ्यांनी मिळून रंगीत तालीम करावी लागते.

गैरसमज ५ : पहिल्या दिवसापासून सगळ्यांना पाळीपाळीने पाठवावं; सगळे एकदमच शिकतील.

वस्तुस्थिती : ड्यूटी लावणाऱ्यांना हे न्याय्य वाटतं. पण हार्वर्डच्या एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांनी १६ रुग्णालयांत केलेला अभ्यास वेगळी दिशा दाखवतो. लहान छेद घेऊन हृदयशस्त्रक्रिया करण्याचं नवं तंत्र तिथल्या टीम कशा शिकल्या, हे त्यांनी ६६० रुग्णांच्या नोंदींवरून तपासलं.

जुन्या पद्धतीत छाती उघडलेली असते, महाधमनीला लावलेला चिमटा सर्जनच्या डोळ्यांसमोर असतो. नव्या पद्धतीत जांघेतल्या धमनीतून नळी सरकवून महाधमनीच्या आत फुगा फुगवला जातो. तो जागेवर आहे की सरकला, हे भूलतज्ज्ञांना इकोच्या पडद्यावर दिसतं. सर्जनला दिसत नाही. म्हणजे ज्यांनी एरवी ऐकायचं, त्यांनी आता बोलायचं असतं.

सगळ्या टीमना प्रशिक्षण सारखंच मिळालं होतं, तरी काही भराभर शिकल्या आणि काही रखडल्या. सर्जनची ज्येष्ठता किंवा रुग्णालयाचं नाव यावरून हा फरक उलगडला नाही. ज्या टीमचे सदस्य विचारपूर्वक निवडले होते, सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत तीच माणसं एकत्र ठेवली होती आणि जिथे नर्स किंवा टेक्निशियनला ‘थांबा, काहीतरी चुकतंय’ असं बिनधास्त म्हणता येत होतं, तिथे वेग लवकर आला. आपल्याकडे वरिष्ठांना टोकणं उद्धटपणा समजला जातो. प्रशिक्षणात बटणांइतकाच या बोलण्याचा सराव हवा, आणि त्याची सुरुवात सर्जननेच ‘मला इथून दिसत नाही, तुम्ही सांगा’ असं म्हणून करायला हवी.

गैरसमज ६ : साधनं धुणं नि निर्जंतुक करणं जुनंच काम आहे, त्यात काय शिकायचं?

वस्तुस्थिती : रोबोच्या आणि दुर्बिणीच्या साधनांत बारीक पोकळ्या, सांधे आणि तारा असतात. रक्त आत सुकलं तर वरून चकचकीत दिसणारं साधनही अस्वच्छच राहतं. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या क्रमानेच त्यातून पाणी सोडावं, ब्रश फिरवावा लागतो. उष्णता न सोसणारे काही कॅमेरे ऑटोक्लेव्हमध्ये चालत नाहीत. ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्मा यंत्रात निर्जंतुक करायचे तर पूर्ण कोरडे हवेत, नाहीतर ते यंत्र मध्येच थांबतं. आणि सुती कापडात किंवा साध्या कागदात गुंडाळून चालत नाही, कारण ते पेरॉक्साइडची वाफ शोषून घेतात. रोबोची अनेक साधनं ठरलेल्या वेळाच वापरता येतात. मोजणी संपली की यंत्र ती स्वीकारत नाही. ही मोजणी स्टोअरला ठाऊक नसेल, तर शस्त्रक्रियेच्या मध्यावर धावाधाव ठरलेली. सीएसएसडीतल्या, म्हणजे साधनं निर्जंतुक करणाऱ्या विभागातल्या, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण त्यामुळे सर्जनच्या प्रशिक्षणाइतकंच आधी व्हायला हवं.

गैरसमज ७ : इतकं आधुनिक यंत्र बिघडणार कसं? आणि एकदा प्रमाणपत्र मिळालं की झालं.

वस्तुस्थिती : बिघाड वारंवार होत नाही, म्हणूनच त्याची सवय नसते. अचानक झालेला रक्तस्राव आवरला नाही किंवा यंत्र बंद पडलं, तर साधनं पोटातून काढून यंत्र बाजूला घ्यायची आणि पोट उघडायची वेळ येऊ शकते. साधनाचा जबडा ऊती धरून मिटलेला राहिला, तर तो हाताने उघडण्याचं वेगळं साधन असतं. ते कुठे ठेवलंय हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत हवं. ओपन शस्त्रक्रियेचा ट्रे तयार आहे का, यंत्र कोण हलवणार, रक्त टिपण्याचे मॉप कोण मोजणार, याची कवायत अधूनमधून झाली पाहिजे. सिस्टरच्या बदल्या होतात, टेक्निशियन नोकरी सोडतात, सॉफ्टवेअर बदलतं. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर तसंच राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी इथे उपयोगी पडते. टीममधल्या प्रत्येकाने नाव आणि काम सांगावं, शेवटी उपकरणांत काही अडचण आली का ते नोंदवावं, असं ती सांगते. दिल्लीसह जगातल्या आठ ठिकाणच्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. या यादीला लागतो तो कागद आणि बोलण्याची तयारी.

तेव्हा रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने खरेदीच्या प्रस्तावावर सही करण्याआधी प्रशिक्षणाचा खर्च, त्यासाठी ओटी रिकामी ठेवण्याचे दिवस आणि नव्याने येणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याची सोय त्याच प्रस्तावात लिहून घ्यावी. रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही संकोच करू नये. ‘यंत्र कोणतं?’ याबरोबर ‘ही शस्त्रक्रिया या टीमने एकत्र किती वेळा केली आहे, आणि यंत्र मध्येच थांबलं तर काय करणार?’ हेही विचारा. तयारी असलेली टीम या प्रश्नाने चिडत नाही. तिच्याकडे उत्तर असतं.