सप्तशृंगी गड उतरण्याआधी: ब्रेक आणि वायरिंगबद्दलचे गैरसमज

नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंतचा घाट दहा किलोमीटरच्या आसपास आहे. दर्शन करून नाशिकला परतताना अनेक जण तो न्यूट्रलमध्ये, काही जण तर इंजिन बंद करून उतरतात. "तेवढंच पेट्रोल वाचतं." गाडीबद्दलच्या सगळ्या समजांमध्ये हा सर्वांत घातक.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक मोटारसायकलींना फ्युएल इंजेक्शन लागलं. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की उतारावर पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळत राहतं. चावी बंद केली तर हेडलाइट, हॉर्न, ब्रेकलाइट, एबीएस सगळंच जातं आणि गाडी आवरायचा सारा भार ब्रेकवर येतो. घाट चढताना जो गिअर लागला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावं.

"डबीत ब्रेक ऑइल दिसतंय, म्हणजे ब्रेक ठीक आहे." डिस्क ब्रेकचं हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर कॅलिपर तापतं, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून मुठीला टेकतो. खाली येऊन गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतो, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडतच नाही. म्हणून रंग कसाही दिसो, दोन वर्षांनी ऑइल बदलावं. डबीतली पातळी हळूहळू उतरत असेल तर वरून भरण्याआधी पॅड किती उरलेत ते पाहावं. पॅड झिजले की पातळी खाली जातेच. डिस्क किंचाळते म्हणून तिच्यावर तेल मारणं तर साफ चूक. आवाज थांबेल, पण गाडी थांबणार नाही.

आता वायरिंग. श्रावणात त्र्यंबकच्या पावसात भिजून आल्यावर फ्यूज उडाला, की कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळून देतो. "फ्यूजच कमजोर होता" हे त्यामागचं गृहीतक. वायर तापून पेटू नये म्हणूनच तर फ्यूज आधी वितळतो. पन्नी वितळत नाही, मग वायरिंग जळतं. तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज टाकावा आणि तो कधी उडतो त्यावर लक्ष ठेवावं. हँडल वळवताच उडाला तर हँडलच्या मानेपाशी वायर घासली असण्याची शक्यता मोठी. ब्रेक दाबताच उडाला तर ब्रेकलाइटच्या वायरीत शॉर्ट शोधावा.

सेल्फ लागला नाही की बॅटरीला दोष देऊन लोक नवी घेतात. आधी टर्मिनल ढिले आहेत का, त्यांवर पांढरी-हिरवी पूड साठली आहे का, ते पाहावं. किल स्विच आणि साइड स्टँडही तपासावेत. मग मल्टिमीटर लावावा. चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन थोडं रेस केल्यावर हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्हायला हवा. चढला नाही, तर दोष चार्जिंगमध्ये आहे आणि नवी बॅटरीही उतरेल.

ब्रेकलाइट लागत नाही, म्हणजे बल्ब गेला असंही नाही. हाताचा ब्रेक दाबून पाहा, मग पायाचा. एकाने लागत असेल तर बल्ब शाबूत आहे आणि दुसऱ्या बाजूचा स्विच बिघडलाय. पायाच्या स्विचची स्प्रिंग चिखलाने अडकते किंवा मागचा ड्रम ब्रेक आवळल्यावर तिचं सेटिंग बिघडतं. ड्रमचा नट आवळून झाल्यावर मागचं चाक हाताने फिरवून पाहावं, ते मोकळं फिरलं पाहिजे. आणि ब्रेक दाबल्यावर हबवरचा बाण खुणेपर्यंत पोहोचत असेल तर नट आणखी आवळू नका, लायनर बदला.